कोंबड्या शेजारी दिल्या तेव्हा

शाळेच्या कुंपणापलीकडे भात झोडायचं मशीन लागलं की माझा वर्ग संपतो. म्हणजे घंटा होत नाही, मुलं दप्तरं आवरत नाहीत, पण शिकवणं संपतं. त्या आवाजात पाढे म्हणता येतात, कविता ओरडता येते. समजावून मात्र काही सांगता येत नाही. खिडकीतून भुसा उडत येतो आणि फळ्यावर बसतो, नुकतंच लिहिलेलं वाक्य पिवळट दिसायला लागतं. एकाला शिंक आली की बाकीच्यांनाही आपल्याला यायलाच हवी असं वाटतं, आणि मग बराच वेळ वर्गात नुसता शिंकांचा कार्यक्रम चालतो. मी खडू खाली ठेवते आणि दारात जाऊन उभी राहते.

समोर कापलेलं शेत, त्यात उभी राहिलेली धसकटं, बांधावर वालाच्या बियाण्याची पिशवी घेऊन बसलेलं कोणीतरी. ही शाळा मुरबाडच्या पुढे, डोंगराला टेकलेल्या गावात आहे. बदली होऊन इथे आले त्याला आता काही वर्षं झाली. गाव चांगलं आहे, माणसं चांगली आहेत, चहाला नको म्हटलं तर रागावतात. पण ताज्या पेंढ्याचा वास नाकात गेला की माझं मन मुरबाडला थांबत नाही. ते सरळ शहापूर तालुक्यात जातं, डोळखांबच्याही आत, एका पाड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत. तिथे मी बरीच वर्षं होते. पण आठवण म्हणून वर येतो तो एकच हंगाम. त्या वर्षी मी मुलांना न लिहिलेलं वाचायला शिकवत होते.

झालं असं होतं की माझी मुलं वाचायला लागली होती. तिसरी-चौथीची मुलं घडाघडा वाचत. पाहुणा आला की मी ऐटीत एखाद्याला उभं करी आणि तोही ऐटीत पानभर वाचून दाखवी. पण प्रश्न विचारला की सगळ्यांची बोटं ओळींखालून चालायला लागत. ‘राधाने छत्री उघडली. चिखलात तिची चप्पल रुतली.’ एवढी दोन वाक्यं. मी विचारलं, कोणते दिवस असतील? बोटं पुढे गेली, मागे आली. मान वर करून एक जण म्हणाला, “धड्यात नाय, बाई.” मी म्हटलं, धड्यात नसू दे, तू सांग. त्याने बोट पुन्हा पहिल्या ओळीवर ठेवलं. गणपत नावाचा एक पोरगा होता, तोंडाचा पक्का. त्याने पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं आणि विचारलं, “मधलं पान फाटलंय काय?”

चिखल म्हणजे काय हे ज्यांना सांगायची गरज नाही, अशी ही मुलं. घोट्याएवढ्या चिखलात लावणी करून आलेली. पण छापलेल्या शब्दाचा त्यांच्यावर असा काही वचक होता की छापलेलं नाही ते बोलणं म्हणजे आगाऊपणा, असंच त्यांना वाटे. पुस्तक हे साहेबाचं, त्यात आपली अक्कल घालायची नाही. मला याचा रागही यायचा आणि वाईटही वाटायचं. कारण हीच मुलं शाळा सुटली की बेधडक अंदाज ठोकत. गणपत एकदा सकाळी रस्त्यातच मला म्हणाला, “मोठं गुरुजी आज येत नाय.” मी विचारलं, कशावरून? तर म्हणे, गुरुजींच्या गाडीचा आवाज आला नाही. आम्ही शाळेत पोचलो तर गुरुजी व्हरांड्यात बसून पेपर वाचत होते. गाडी पंक्चर झाली म्हणून चालत आले होते. गणपतला त्याचं काहीच वाटलं नाही. “मग पेपर कालचा असंल,” तो म्हणाला. तोही आजचाच होता.

म्हणजे पुस्तकात अंदाज शून्य आणि बाहेर त्याला लगाम नाही. मला या दोहोंच्या मध्ये कुठेतरी त्यांना आणायचं होतं. प्रशिक्षणात याला मोठमोठी नावं सांगतात, तक्ते दाखवतात, आणि जेवणाची सुट्टी होते. मी आपला एकच शब्द घेतला, ‘कशावरून?’ उत्तर बरोबर असो की चूक, पुढे कशावरून ते सांगायचं. एक कारण गोष्टीतलं, एक कारण आपल्या डोक्यातलं. छत्री उघडली हे गोष्टीत आहे. छत्री पावसात उघडतात हे तुझ्या डोक्यात आहे. दोन्ही जोड. आणि उन्हाळ्यातही छत्री उघडतात असं कोणी म्हणालं, तर चिखल कुठून आला ते त्याने सांगायचं.

हळूहळू गंमत यायला लागली. ‘काकांनी पहिला घास घेतला आणि तांब्याकडे हात नेला.’ का? “तिखट झालं आसंल!” “नाय, घास अडकला.” “पहिलाच घास कसा अडकंल रे, भूक किती आसंल त्याला!” मग ‘भूक किती’ यावरून दुसरं भांडण. मी फळ्याला टेकून ऐकत राही. वर्गात इतका गोंगाट पूर्वी झाला असता तर मी डस्टर आपटलं असतं.

पण हा शब्द वर्गात राहीना. तो घरोघरी गेला. एका आईने मला वाटेत गाठून सांगितलं, “बाई, पोरगा मलाच विचारतो, मी दमलंय ते कशावरून!” एक साहेब शाळा बघायला आले. चारी बाजूंना नजर फिरवून ते म्हणाले, शाळा छान आहे हं. गणपत उठून उभा राहिला आणि त्याने विचारलं, “कशावरून?” गुरुजींनी डोळेच मिटले. पण साहेब भला माणूस. त्यांनी खरोखर विचार केला आणि म्हणाले, “बाहेर चपला ओळीत लावल्या आहेत, त्यावरून.” मुलांना हे उत्तर पटलं. त्यानंतर चपला कायमच ओळीत राहिल्या.

खरं तर आपण सगळेच दिवसभर हेच करत असतो. माझा नवरा तेव्हा आसनगावहून रोज ठाण्याला जायचा. किन्हवलीच्या आमच्या घरी तो संध्याकाळी आला की दार उघडायच्या आधी मला कळायचं, आज फास्ट लोकल चुकली की ऑफिसात कोणी काही बोललं. फास्ट चुकली असेल तर तो बूट काढता काढता बोलायला लागे. कोणी बोललं असेल तर बूट नीट जोडून ठेवी. माझी आई स्वयंपाकघरात भांडी कशी ठेवते यावरून आम्ही भावंडं ठरवायचो, आज पैसे मागायचे की नाहीत. कोणी शिकवलं नव्हतं. प्रेमाच्या आणि भीतीच्या माणसांचं वाचन आपोआप येतं. पुस्तकाशी तसं नातं जुळेपर्यंतच वेळ लागतो.

त्या हंगामात हे नातं सगळ्यात आधी जुळलं ते रेश्माचं. चौथीतली मुलगी, अंगाने किरकोळ, बोलायला मंद. गणपतची तीन उत्तरं होऊन जात तोवर हिचं वाचून होई. वाचून झालं की पुस्तक पालथं ठेवून ती दाराबाहेर बघत बसे. पहिल्यांदा मला वाटलं लक्ष नाही. मग कळलं की गोष्ट संपली तरी ती तिथेच असते. एकदा एका म्हाताऱ्याची गोष्ट होती, तो रोज एसटी थांब्यावर येऊन बसतो आणि एसटी आली की घरी जातो. सगळ्यांनी कारणं सांगितली, त्याला गाडी चुकते, त्याच्याकडे तिकिटाला पैसे नाहीत. रेश्मा खूप वेळाने म्हणाली, “त्याला कुठं जायचं नाय. कोण येतंय का बघतो.” मला इतका आनंद झाला की मी तिला जवळ घेतलं, आणि ती अवघडून खांबासारखी ताठ उभी राहिली.

या मुलीचं मोल कळायला तिची मागची वर्षं सांगायला हवीत. भात घरात आलं की त्या पाड्यावरची निम्मी घरं बंद व्हायची. शेतात काम उरत नाही, म्हणून माणसं भिवंडी-कल्याणकडे विटांच्या भट्ट्यांवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परतायची. रेश्मा दरवर्षी आईबापाबरोबर जायची. तिथे धाकट्या भावाला, बाळ्याला सांभाळायचं, विटा उलटायच्या. भट्टीजवळ शाळा असली तर असली. परत आली की अक्षरं पुसून गेलेली असायची, नव्याने क-का-कि. दरवर्षी मी तिला तिथपर्यंत आणायचे आणि दरवर्षी ती जायची. यंदा पहिल्यांदाच ती अक्षरांच्या पलीकडे पोचली होती. यंदा गेली तर हे सगळं पुन्हा उगवेल याची मला खात्री नव्हती.

म्हणून मी तिच्या आईच्या मागे लागले. तिची आई सुनंदा, माझ्याहून बरीच लहान. कापणी चालू होती तेव्हा मी बांधावर जाऊन बोलायचे, झोडणी सुरू झाली तेव्हा खळ्यावर. ती हाताने भाताची पेंढी फळीवर आपटत राही आणि मी बोलत राही. रेश्माची मोठी काकी पाड्यावरच राहायची, ते घर भट्टीला जात नसे. तिच्याकडे ठेव मुलीला, मी रोज लक्ष देईन. सुनंदा म्हणायची, बघू. बापाला विचारते. बाळ्याला कोण बघंल? मग एक दिवस तिने पेंढी बाजूला टाकली आणि म्हणाली, “ठेवतंय काकीकडं. पण तिला काय बोलू नका, बाई. आमच्यात मागं ऱ्हाणाऱ्या पोरांना सांगत नाय. पोरं झोपेत असतात तवाच गाडी निघते. जाताना पोर रडलं का मंग पाय निघत नाय.”

ही तिथली रीतच होती. गाडी म्हणजे मुकादमाचा ट्रक, पहाटे येणार. मागे राहायचं मूल आदल्या संध्याकाळी शेजारी झोपायला पाठवायचं. सकाळी उठून ते घरी जातं, तर दाराला कडी आणि अंगणाच्या तोंडाला काटेरी फांदी आडवी घातलेली. दोन दिवस रडतं, मग राहतं. वर्षानुवर्षं असंच चाललेलं. मी सुनंदाला हो म्हटलं. किन्हवलीला जाताना स्कूटीवर मी गाणं म्हणत होते, इतकी खूश होते.

आता त्या दिवसाचं सांगते. जत्रेचा विषय घेऊन मी फळ्यावर स्वतःच एक उतारा रचून लिहिला. ‘आईने भाकऱ्या बांधून घेतल्या. बाबांनी दाराला कडी लावली. कोंबड्या शेजारच्या काकूंकडे दिल्या. छोटी मुलगी नवा फ्रॉक घालून अंगणात उभी होती. तेवढ्यात गाडी आली.’ आणि खाली प्रश्न, ही माणसं कुठे निघाली? नवा फ्रॉक म्हणजे जत्रा, इतकं सोपं ठेवलं होतं मी. कोंबड्यांचं वाक्य मी केवळ उताऱ्यात जरा जिवंतपणा यावा म्हणून घातलं होतं. लेखिका झाले होते ना!

वर्गाने एका सुरात उत्तर दिलं, “भट्टीला!”

मी हसले. म्हटलं, कशावरून? गणपत उठला. “कोंबड्या दिल्या ना, बाई. जत्रेला जाऊन माणूस रातच्याला घरी येतो. तेवढ्यासाठी कोंबड्या कोण देतो?” मग मला समजावून सांगण्यात आलं की भट्टीला जाताना कोंबड्या शेजारी ठेवतात, परत येईपर्यंत जी पिल्लं होतील त्यांतली अर्धी ठेवणाऱ्याची. हे मला माहीत नव्हतं असं नाही. पण फळ्यावर लिहिताना मला ते सुचलंच नाही, कारण माझ्या डोक्यात जत्रा होती. माझं डोकं आणि त्यांचं डोकं वेगळं. उतारा एकच. मी म्हटलं, बरं, भट्टी तर भट्टी. मग नवा फ्रॉक कशाला?

इथे सगळे अडले. भट्टीवर नवा फ्रॉक कोण घालतो? धुळीत? कोणीतरी म्हणालं, चुकून लिहिलं असेल बाईंनी. तेव्हा रेश्माने हात वर केला.

“ती मुलगी जात नाय, बाई.”

“कशावरून?”

“घरचे चाललेत. ती अंगणात नुसती उभी हाय. तिच्या हातात कायच नाय. भट्टीला जाताना बारक्या पोराच्या हातात पण कायतरी देतात.” थोडं थांबून ती म्हणाली, “फ्रॉक तिला गप करायला आणलाय.”

मशीन नव्हतं तेव्हा त्या पाड्यावर. सगळी झोडणी हाताने. लांबून कुठूनतरी फळीवर पेंढी आपटल्याचा आवाज येत होता तेवढाच. मी फळ्याकडे वळले आणि उगाचच एक काना पुन्हा गिरवला. मुलांना मी सांगितलं, बरोबर आहे, शाबास, आता गणितं काढा.

जेवणाच्या सुट्टीत ती नळावर ताटली घासत होती. मी तिच्याशेजारी बसले आणि विचारलं, “तुला कोणी सांगितलं, रेश्मा?”

“कोणी नाय.”

“मग?”

तिने ताटली विसळली, उपडी ठेवली. मग मला सांगायला लागली, वर्गात सांगते तशीच. दिवाळी होऊन गेली आणि आता आईने बाजारातून फ्रॉक आणला. बाप काकीच्या घराची ताटी बांधून देत होता, दरवर्षी देत नाही. तिची गोधडी उन्हात घातली ती परत घरी आलीच नाही, काकीकडेच राहिली. “आणि आई आता माझ्यावर वरडत नाय, बाई. परवा माझ्या हातून दूध सांडलं तरी कायच बोलली नाय.”

मी तिची ताटली उचलून पुसायला लागले. ती म्हणाली, “गाडी कधी येल ते ठाव नाय. म्हणून मी झोपत नाय.”

गेले काही दिवस ती वर्गात पेंगत होती. मला वाटलं होतं, भात घरात येतंय, सगळेच दमलेत, पोरंही राबताहेत. मी तिला एक-दोनदा तोंड धुवून यायलाही पाठवलं होतं. आणि ही मुलगी रोज अंधारात डोळे उघडे ठेवून ट्रकच्या आवाजाचा कानोसा घेत पडून राहत होती. मला रडू आलं, ते मी तिच्यासमोर येऊ दिलं नाही. आज लिहिताना आलं तर येऊ दे.

तिला वाचायला मी शिकवलं, याचा मला कधीही पस्तावा झालेला नाही. पण त्या दुपारी मला पहिल्यांदा समजलं की मुलाला न लिहिलेलं वाचायला शिकवलं की मग त्याच्यापासून काही लपवता येत नाही. ते घर वाचतं, आईचं गप्प बसणं वाचतं, आणि ज्या वयात आपल्याला वाटतं की अजून काही कळत नाही, त्या वयात ते एकटं सगळं जाणून बसतं. त्याला एकटं ठेवायचं नसेल तर मग मोठ्यांनाच बोलावं लागतं. आता इथे मुरबाडला नवीन शिक्षक मला विचारतात, मुलं अनुमान कसं करायला शिकतील, तेव्हा मी त्यांना छत्री-चिखल सांगते, कशावरून सांगते. हे एवढं मात्र अजून कोणाला नीट सांगता आलेलं नाही.

शाळा सुटल्यावर मी सुनंदाकडे गेले. ती अंगणात सूप घेऊन भात वारवत होती, बाळ्या बाजूला पोत्यावर झोपला होता. तिचा नवरा लाकडं फोडत होता. मी म्हटलं, “सुनंदा, रेश्माला कळलंय.”

तिचं सूप हातातच राहिलं. “कोणी सांगितलं तिला? काकीनं?”

“कोणी नाही. तिनं ओळखलं.”

“आसं कसं वळखलं?” मग ती माझ्याकडे बघत राहिली आणि तिचा आवाज चढला. “तुमीच शिकवलंत.”

“हो,” मी म्हटलं, “मीच शिकवलं. पण ती रात्रीची झोपत नाही, सुनंदा. तुम्ही झोपेत सोडून जाल म्हणून.”

नवऱ्याने कुऱ्हाड खाली ठेवली. सुनंदा ओट्याच्या कडेला बसली. सुपातलं भात तिने परत राशीत ओतलं, हात झटकले, पदराने तोंड पुसलं. मी निघून जावं की थांबावं हे मला कळेना. शेवटी तीच मोठ्याने ओरडली, “रेश्मे! हितं ये गो.”

रेश्मा घरामागून आली. आई तिला काय सांगणार, याची तिला खात्रीच होती, त्यामुळे ती समोर येऊन नुसती उभी राहिली. सुनंदाने जे होतं ते सांगितलं. आमी जातंय, तुला काकीकडं ठेवतंय, शाळा शीक. सांगताना तिने मुलीकडे बघितलं नाही, राशीकडे बघत होती.

रेश्माने विचारलं, “बाळ्याला कोण घेल?”

“मी घेन पाठीला.”

“ऊन लागंल त्याला.”

“पदर टाकीन.”

रेश्माने यावर बराच विचार केला. तिच्या उत्तराला नेहमीच वेळ लागायचा. मी मनातल्या मनात देवाला हात जोडत होते, आणि खरं सांगायचं तर काय मागत होते ते माझं मलाच ठाऊक नव्हतं. ती जाते म्हणाली असती तर मी तिला अडवलं नसतं. मग ती म्हणाली, “मी ऱ्हाते. पण मी जागी असताना जा.”

बाप म्हणाला, गाडी आपली नाही, मुकादम पहाटेच येतो. सुनंदाने पुन्हा सूप उचललं.

गाडी आली ती अंधारातच. हे मी नंतर ऐकलं. पाड्यावरच्या आणखी दोन घरांतली पोरंही मागे राहणार होती. सुनंदाने त्या बायकांना आधीच सांगून ठेवलं होतं. मुकादमाने हॉर्न वाजवला, शिव्या दिल्या, पुरुषांनी सामान चढवलं, पण बायका काही गाडीत चढल्या नाहीत. पोरं उठू दे, एवढंच म्हणत राहिल्या. मी शाळेकडे येत होते तेव्हा ऊन झाडांच्या शेंड्यांवरून खाली उतरलं होतं आणि ट्रक अजून उभाच होता. लांबून मला वाटलं, काहीतरी बिनसलंय. जवळ गेले तर सुनंदा ओट्यावर बसून रेश्माची वेणी घालत होती.

रेश्मा शाळेच्या गणवेशात, आईच्या गुडघ्यांमध्ये. सुनंदाने भरपूर तेल घातलं होतं. एक वेणी झाली, ती तिने नीट बघितली आणि सोडली. पुन्हा पहिल्यापासून घातली. दुसरी घातली, तीही सोडली. मुकादम हॉर्नवरचा हात काढेना. तिने वर बघितलंसुद्धा नाही. शेवटी रिबिनीची गाठ पक्की करून तिने दोन्ही वेण्यांवरून हात फिरवला, बाळ्याला उचललं आणि ट्रककडे गेली. रेश्मा रडली. चांगली मोठ्याने रडली. सुनंदाही वर ट्रकमध्ये रडत होती. ट्रक वळणावरून गेला, धूळ खाली बसली, आणि मग रेश्मा माझ्याबरोबर शाळेत आली.

त्या रात्री ती झोपली, काकीने सांगितलं, हाक मारली तरी उठेना इतकी. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती त्याच वेण्यांनी. तिसऱ्या दिवशीही. आठवडा होत आला तसे केस चारी बाजूंनी सुटून आले, रिबिनी मळून गेल्या. काकी शाळेत येऊन तक्रार करून गेली, “बाई, पोरगी डोक्याला हात लावू देत नाय. उवा पडतील.” मी म्हटलं, राहू दे काही दिवस.

मग एका सकाळी, प्रार्थनेच्या आधी, मी टेबलाशी हजेरी घेत होते. रेश्मा समोर येऊन उभी राहिली. एक वेणी पूर्ण सुटली होती, दुसरी अर्धी. तिने मुठीतून फणी काढून टेबलावर ठेवली, तिच्याशेजारी धुतलेल्या दोन रिबिनी ठेवल्या, आणि माझ्याकडे पाठ करून खाली बसली.

मला मुलगी नाही. वेणी घालायची सवयही नव्हती. दोनदा चुकलं, भांग वाकडा आला. जमेल तशी मी घातली. तिने दोन्ही हातांनी चाचपून पाहिलं.

“आईसारकी घट्ट नाय झाली,” ती म्हणाली. मग तिच्या नेहमीच्या वेळाने म्हणाली, “पण चालंल.”